बांधापलीकडचा कोळसा

बिकाजानला आग कळते, असं सगळा मोहल्ला म्हणायचा आणि ते ऐकायची तिलाही चांगलीच सवय झाली होती. खीवाच्या पुढे, कालव्याच्या शेवटच्या फाट्यावर तिचं गाव. सतराव्या वर्षी लग्न होऊन आली त्या आठवड्यातच सासूनं अंगणातला तंदूर तिच्या ताब्यात दिला. तेव्हापासून चव्वेचाळीस वर्षं रोज पहाटे ती त्यात पऱ्हाट्या पेटवत आली. पऱ्हाटी कधी भडकेल, कधी बसेल, पांढरी राख पडल्यावर तंदूरची भिंत नान धरेल की करपवेल, हे तिला नुसतं वाकून बघितलं तरी समजे. कुणाच्या लग्नात दोनशे नान लागले की बोलावणं तिलाच. जायची ती, पण आधी थोडे आढेवेढे घ्यायची. मान कुणाला नको असतो?

तिचा दुसरा अभिमान म्हणजे तोरली बीबी. हे बाईचं नाव नव्हे, खरबुजाचं. लांबट, सालीवर दाट जाळी, आत पांढरट हिरवा गर. शरदात तोडायचं, लव्हाळ्याच्या जाळीत बांधून खोलीच्या आढ्याला टांगायचं आणि सगळा हिवाळा वाट बघायची. टांगल्या जागी ते हळूहळू गोड होत जातं. शेवटचं खरबूज नवरोजला, म्हणजे वसंतातल्या नववर्षाला, कापायचं आणि त्याच्याच बिया पुढच्या पेरणीला ठेवायच्या, ही घराची रीत. दुसऱ्या कुणाकडे हे वाण नव्हतं. सासरेबुवांनी सुनेला निक्षून सांगितलं होतं, "सूनबाई, खरबूज जगाला खाऊ घाल. बी मात्र बांधाबाहेर जाता कामा नये."

बांधापलीकडे रोझिमबाय राहत होता, हे इथेच सांगितलेलं बरं. तो जुना ट्रॅक्टरवाला, बिकाजानच्या नवऱ्याचा दोस्त, म्हणून तिला यंगा म्हणायचा, म्हणजे वहिनी. तरुणपणी त्यानं एकदा तोरली बीबीच्या मूठभर बिया मागितल्या होत्या. सासऱ्यांनी नाही म्हटलं. रोझिमबायनं बियांचा विषय पुन्हा काढला नाही, पण त्या दिवसापासून तीस वर्षं तो बांधावरून भांडत आला. बांध तुमच्या बाजूनं सरकलाय, तुमच्या जर्दाळूची पानं माझ्या अंगणात पडतात, तुमची बदकं माझ्या पाटात पोहतात. बिकाजानचा नवरा मतयाकूब वारला तेव्हा चाळीस दिवस तो मुकाट्यानं पाणी भरून देत होता. एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी त्यानं बदकांवरून पुन्हा सुरू केलं. बिकाजानला त्या दिवशी पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

मग वाडीला मर लागली. भर उन्हाळ्यात, खरबूज मुठीएवढं झालं की दुपारी वेल मान टाकायचा, संध्याकाळी जरासा सावरायचा आणि चार दिवसांत वाळून जायचा. खोड चिरलं तर आत तपकिरी रेघ. पहिल्या वर्षी दहा वेल गेले, दुसऱ्या वर्षी निम्मे. तिसऱ्या वर्षी आढ्याला टांगायला अवघी पाच खरबुजं उरली आणि तीही किरटी. मुलगा ताश्कंदहून फोनवर म्हणाला, "आई, बाजारात चांगलं पाकिटातलं बी मिळतं. ते लाव ना."

"तुझ्या बापाला पण पाकिटातूनच आणला होता वाटतं," असं म्हणून तिनं फोन ठेवून दिला.

तालुक्याची शेतीतज्ज्ञ जुमागुल मोटारसायकलवरून गावोगाव फिरायची. तिनं मेलेला वेल उपटला, मुळं बोटांनी चोळून बघितली. कुजकी मुळं हातात सुटून आली. बिकाजानला ती खाला, म्हणजे मावशी म्हणायची.

"खाला, रोग मातीत आहे. मुळातून वर चढतो. यावर मारायला औषध नाही."

"मग काय, हात जोडून बसू?"

"कोळसा घाला. पऱ्हाटीचा. राख नव्हे हं! आपली जमीन आधीच खारट, राखेनं आणखी बिघडेल. कोळशाला बारीक भोकं असतात, चांगले जंतू त्यात घर करतात, मुळांना राखतात. जादू नाही ही, पण फरक पडतो. शेणखतात दोन महिने मुरवायचा, चांगला भिजवायचा, मगच मातीत घालायचा."

"एवढंच ना? आगीचं मला नको सांगूस, पोरी."

आणि तिथंच बाईंचं घोडं अडलं. कोळसा करायचा म्हणजे पऱ्हाट्या पेटवायच्या, ज्वाळा चढल्या की तंदूरच्या तोंडावर पत्रा ठेवून ओल्या मातीनं लिंपायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ढुंकूनही बघायचं नाही. सोपं काम, कुणालाही जमलं असतं. पण चव्वेचाळीस वर्षं जिनं आग कधी नजरेआड केली नाही, तिला झाकलेला तंदूर बघवेना. तासाभरात ती हळूच पत्रा सरकवायची. आत हवा गेली की भडका. सकाळी तंदूरमध्ये पांढरीशुभ्र, सुरेख राख. तीन वेळा हेच झालं.

जुमागुल हसून म्हणाली, "खाला, तुम्हाला आग फार कळते, तीच अडचण झालीय."

शेवटी बिकाजाननं तोड काढली. तंदूर लिंपला की ती डोक्याला रुमाल बांधून सरळ बाजाराची बस पकडायची, मावसबहिणीकडे बसून चहाच्या किटल्याच्या किटल्या रिचवायची आणि उशिरा परत यायची. त्या हिवाळ्यात मावसबहीण अगदी जेरीला आली, पण कोळसा मात्र झाला. काळा, हलका, हातात घेतला तर खुळखुळणारा. कुटून तुकडे केले, बारा पोती भरली. आयुष्यभर राख झाडण्यात इभ्रत मानलेल्या बाईला काजळीनं माखलेल्या तंदूरची लाज वाटली खरी, पण पोत्यांकडे बघून ती सुखावली.

फेब्रुवारीत कालव्याला पाणी सुटलं. आमच्या मुलुखात पेरणीआधी जमीन धुवावी लागते. वाफ्यांत घोटाभर पाणी भरून ठेवायचं, खार खाली उतरू द्यायचा. हे धुणं झाल्यावर शेणखत घालायचं, कारण आधी घातलं तर पाण्याबरोबर जातं. एवढं तर इथलं शेंबडं पोरही जाणतं. बिकाजाननं विचार केला, खत नंतरच घालायचं, पण कोळसा काही खत नव्हे. तो आताच पसरून टाकू, खत आलं की दोन्ही मिळून खणू. मुरवायचं बिरवायचं मातीतच होईल. तिनं बाराही पोती कोरडी ठणठणीत पसरली, वर कमरेवर हात ठेवून काळ्याभोर वाडीकडे समाधानानं पाहिलं आणि पाण्याची पाळी आल्यावर पाट फोडला.

कोळसा पाण्यावर तरंगतो हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. फक्त त्या दिवशी ते आठवलं नाही.

पाणी चढलं तसा कोळसा उचलला गेला. उत्तरेचा वारा होता. सगळी काळी साय हळूहळू दक्षिणेच्या बांधाकडे सरकली, तिथं दाटली आणि बांध जिथं खचला होता तिथून पलीकडे रोझिमबायच्या सखल वाडीत ओघळली. बिकाजान फावडं घेऊन पाण्यातून धावली, पण गाळात बूट अडकला. बूट काढेपर्यंत बाराच्या बारा पोती शेजाऱ्याकडे पाहुणी गेली होती.

"यंगा!" बांधावरून हाक आली. "तीस वर्षं बदकं पाठवलीत, ती मी सोसली. आता राखसुद्धा? माझ्या पायाखाली? राख कुणी चालायच्या वाटेवर टाकतं का? राख तुडवली की भुतं मागं लागतात, ती घरात घालायचीत काय?"

"राख नाही रे, कोळसा आहे! माझा आहे. बादल्या दे, भरून घेते."

"तुमचा? त्यावर नाव लिहिलंय?"

"अख्खा हिवाळा काजळी खाल्लीय मी त्यासाठी!"

"मग तोंड धुवा. पाण्यानं जे आलं ते आलं. पाण्यानं आलेलं परत जात नाही."

मोहल्ल्याचे म्हातारे अक्सकाल, म्हणजे गावात तंटे मिटवणारे, निवाड्याला आले. दोन्हीकडचा चहा प्यायले, दोन्हीकडचा मुरंबा खाल्ला आणि बांध कुणाचा खचला यावर इतका वेळ बोलले, की कोळशाचं राहूनच गेलं. जाताना म्हणाले, "थोडं तुम्ही सोडा, थोडं तो सोडेल." कुणीच काही सोडलं नाही.

बिकाजान त्या दिवशी रडली. लोक तिला टणक समजायचे, पण ती चुलीपुढं बसून अगदी हमसून रडली. उरल्या पऱ्हाट्यांत फार तर दोन पोती कोळसा झाला असता.

नवरोजला शेवटचं तोरली बीबी कापलं. एवढंसं होतं. गर पाणचट, बिया मात्र शेकडो, म्हणून तिला क्षणभर आशा वाटली. तिनं त्या पाण्याच्या पातेल्यात टाकल्या. पोचट बी तरंगतं, भरलेलं बुडतं. सगळं पातेलं वर पांढरं झालं. तळाशी गेल्या त्या तिनं बोटानं एकेक वेचल्या. एकेचाळीस. सासऱ्याच्या आजोबांपासून चालत आलेलं वाण आता एवढंच होतं, चहाच्या वाटीत मावेल एवढं.

एप्रिलमध्ये जुमागुल आली. बिकाजानची वाडी पाहून तिनं मान हलवली. दोन पोती ताजा कोळसा, तोही न मुरलेला. "यानं पहिल्या वर्षी उलट रोपं पिवळी पडतील, खाला. न मुरलेला कोळसा मातीतलं खत आपणच खाऊन बसतो." मग सहज तिची नजर बांधापलीकडे गेली आणि ती तिकडे उडी मारूनच गेली. रोझिमबायच्या वाडीच्या खालच्या कोपऱ्यात माती काळी, भुसभुशीत, ओलसर होती. तिनं मूठभर उचलून वास घेतला.

"रोझिमबाय, हे काय केलंत तुम्ही?"

रोझिमबाय जरा गडबडला. "काय करणार? कोपऱ्यात ढीग साचला होता. परत देणार नाही म्हटल्यावर त्याचं काहीतरी करणं भाग होतं. गोठ्यात अंथरला गाईखाली. मूत चांगलं शोषतो, वास येत नाही. मग शेणाबरोबर उकिरड्यात गेला. परवा तोच या कोपऱ्यात घातला. का, गुन्हा झाला?"

जुमागुल हसायलाच लागली. "मी खालांना जे जे सांगितलं होतं ते सगळं तुम्ही केलंत. न सांगता!"

"भांडणापायी केलं मी ते," रोझिमबाय म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

जाताना जुमागुलनं बिकाजानला बाजूला घेतलं. "खाला, सगळ्या गावात मर रोखून धरेल असा एकच तुकडा आहे, तो त्यांचा कोपरा. बाकी तुमची मर्जी."

त्या दुपारी बिकाजान खरबुजांच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसली. आढ्याला लव्हाळ्याच्या रिकाम्या जाळ्या लोंबत होत्या. बी बांधाबाहेर जाता कामा नये. सासऱ्यांचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता. माणूस कडक, पण पहिल्या बाळंतपणात ती तापानं फणफणली तेव्हा मांडीवर खरबूज कापून चमच्यानं भरवणारा तोच. त्याचा शब्द मोडायचा म्हटलं तर जिवावर येत होतं. आणि न मोडावा तर शब्द राहील, बी राहणार नाही. "बाबा," ती रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली, "तुम्ही बी राखायला सांगितलं होतं की बांध राखायला? दोन्ही मला जमायचं नाही." मग ती उठली, तंदूर पेटवला, तीळ लावलेले चार नान भाजले, रुमालात बांधले आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा बांध ओलांडून गेली.

रोझिमबायनं नान पाहिले, तिच्या दुसऱ्या हातातली बियांची वाटी पाहिली आणि बसायला चटई टाकली.

"तुझा कोपरा पाहिजे," ती म्हणाली. "एका हंगामासाठी. निम्म्या बिया माझ्याकडे लावते, निम्म्या तुझ्याकडे."

त्यानं एक नान मोडला. "मतयाकूबच्या बापानं मला काय म्हटलं होतं माहितेय, यंगा? म्हणाला, ट्रॅक्टरवाल्याच्या हातात बी टिकत नाही, डिझेलचा वास लागतो. तीस वर्षं मी हात धुतोय."

"हे मला कुणी सांगितलं नाही," बिकाजान म्हणाली. तिला मनापासून वाईट वाटलं.

"कोपरा घ्या. बी मी मागणार नाही. माझ्या मातीत आलेलं खरबूज तरी खाऊ द्याल ना?"

"खा. पण थुंकशील त्या बिया मोजून परत दे."

"बघा, म्हणजे आहातच त्या म्हाताऱ्याच्या घरच्या!" रोझिमबाय खो खो हसला आणि तीही हसली.

वीस बिया इकडे, एकवीस तिकडे. जुमागुल म्हणाली तसंच झालं. बिकाजानच्या बाजूची रोपं आधी पिवळी पडली, मग जेमतेम सावरली आणि जुलैच्या पहिल्या कडक उन्हात माना टाकू लागली. रोज दुपारी ती छत्री घेऊन बांधावर उभी राहायची. इकडचे माना टाकलेले वेल मोजायची, मग तिकडचे उभे मोजायची. रोझिमबाय पलीकडे टोपी डोळ्यांवर ओढून बसलेला असायचा.

"आज एक गेला तुमचा," तो सांगायचा.

"आंधळी नाही मी. तुझा डावीकडचा तिसरा मान टाकतोय."

"ऊन लागलंय त्याला. संध्याकाळी उठेल."

तो उठला नाही. कोपऱ्यातलेही तीन वेल गेले, तेव्हा रोझिमबाय दिवसभर जेवला नाही, असं त्याची बायको सांगायची. पण बाकीचे अठरा उभे राहिले. ऑगस्टभर उभे राहिले. इकडच्या विसांतले तीनच वाचले. खरबुजांवर जाळी धरू लागली तेव्हा रोझिमबाय एकेकाखाली वाळक्या गवताची गादी सरकवून ठेवायचा आणि कुणी पाहिलं तर म्हणायचा, "उगाच पडली होती ती गादी तिथं."

आढ्याला एकतीस खरबुजं टांगली. रोझिमबायच्या मातीतली म्हणून काही त्याच्याच ओसरीत टांगली. हिवाळ्यात कुणाकडे पाहुणा आला की बांधावरून हाक जायची, "यंगा, एक उतरवू का?" आणि "लहान उतरव, मोठं नवरोजला!" असं उलट उत्तर यायचं.

नवरोजला शेवटचं तोरली बीबी दोन्ही घरांनी मिळून कापलं. सुरी लागताच ते आपणच तडकलं, इतकं भरलेलं. रस मनगटावरून ओघळला. रोझिमबायनं पहिली फोड खाल्ली आणि डोळे मिटून घेतले. "तीस वर्षं उशीर," एवढंच तो म्हणाला.

बिकाजाननं बिया पातेल्यात टाकल्या. सगळे वाकून बघत होते. क्षणभर त्या पाण्यावर हलल्या, मग बुडायला लागल्या. एक, दहा, मग मुठीमुठीनं. वर जेमतेम पाचपन्नास तरंगत राहिल्या. तिनं पाणी ओतून टाकलं, ओल्या बियांचे दोन वाटे केले आणि एक वाटी रोझिमबायपुढे ठेवली.

"मी मागितलं नव्हतं," तो म्हणाला.

"मागितलं होतंस. तीस वर्षांपूर्वी. आमच्याकडे द्यायला जरा वेळच लागतो."

त्यानं आधी दोन्ही हात पँटला पुसले, मग नाकाशी नेऊन हुंगले आणि मगच वाटी उचलली.

या खेपेला जमीन धुऊन झाली, पाणी उतरलं, माती वाफशाला आली. एके सकाळी बिकाजान नान भाजून मागं वळली तर तिच्या वाडीत, बांधालगत, काळ्या ओल्या मातीचे ढीग ओळीनं पडलेले. गोठ्याचा वास येत होता. पलीकडून रोझिमबाय ढकलगाडी रेटत येत होता, घामानं निथळत. गाईखाली सगळा हिवाळा मुरवलेला कोळसा होता तो. पऱ्हाट्या त्यानं पुऱ्या गावातून मागून आणल्या होत्या, हे तिला मागाहून कळलं.

"काय रे हे?" तिनं विचारलं. "पाण्यानं आलेलं परत जात नाही ना?"

"नाहीच जात," रोझिमबायनं गाडी उलटी केली आणि पाठ ताणली. "ढकलगाडीनं आणावं लागतं. बारा पोती होती ना? मोजून घ्या, नाहीतर पुन्हा तीस वर्षं ऐकवाल."

बिकाजाननं मोजली नाहीत. तिनं फावडं आणलं आणि गरम नान त्याच्या हातात दिला.